देवळालीचे गणितानंद

जयनगरात राहणाऱ्या माणसाचे आकड्यांवाचून पान हालत नाही. कोणी पत्ता विचारला, तर आपण रस्त्याचे नाव क्वचितच सांगतो. अमुक ब्लॉक, अमुक मेन, अमुक क्रॉस आणि घराचा क्रमांक असे चार आकडे सांगितले, की पाहुणा बिनचूक दारात येऊन उभा राहतो. पहिल्या ब्लॉकपासून नवव्या ब्लॉकपर्यंत पसरलेल्या या वसाहतीत आकडा हा आपला रोजचा वाटाड्या आहे. परंतु वाटाड्याशी आपण बोलतो ते कामापुरतेच. घर सापडले की आकडा विसरला जातो. त्याला थांबवून त्याचे कूळ, त्याचा स्वभाव, त्याचे सोयरेधायरे यांची विचारपूस करावी, असे आपल्या मनातही येत नाही. ज्यांच्या मनात ते आले आणि ज्यांनी उभे आयुष्य त्या विचारपुशीत वेचले, अशा एका मराठी शाळामास्तरांचा परिचय मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत करून देण्याचे योजिले आहे. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी उत्तर कोकणातील डहाणू येथे झाला. आठ वर्षांचे असतानाच ते आईच्या मायेला पारखे झाले. वडील कारकुनी करीत आणि त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. ज्योतिषात उच्च गणित नसले, तरी आकडेमोड भरपूर असते. कुंडली मांडणाऱ्या पित्याच्या शेजारी बसून या पोरक्या मुलाने भविष्य उचलले नाही, आकडेमोड मात्र उचलली. ठाण्याच्या शाळेत शिकत असताना कोडी सोडविण्यात त्याचे तासन्‌ तास जात. इतर मुलांना सोबती असतात. या मुलाला संख्यांची सोबत लाभली आणि ती जन्मभर सुटली नाही.

१९२३ साली कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. पहिले भारतीय सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या नावाने गणिताचा दबदबा असलेले ते महाविद्यालय. त्याच वर्षी मुंबई-ठाण्याकडील आगगाडीच्या प्रवासात एका लहानशा स्थानकावर गाडी बदलताना या अठरा वर्षांच्या तरुणाच्या मनात एका विशिष्ट जातीच्या संख्यांचा विचार आला. मुंबईपासून तीसएक मैलांवरील जी. आय. पी. रेल्वेच्या त्या स्थानकाचे त्या वेळचे नाव डेम्लो. म्हणून त्या संख्यांनाही त्यांनी डेम्लो संख्या हेच नाव दिले. डेम्लो म्हणजेच आजची डोंबिवली. आपल्यापैकी अनेकांचे नातलग तेथे राहतात आणि उद्यान एक्सप्रेसने मुंबईस जाताना कल्याण सुटल्यावर ती आपल्या खिडकीवरून सरकत जाते. एका मराठी गावाचे नाव अशा रीतीने जगाच्या गणिताच्या पुस्तकांत जाऊन बसले आहे, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानीही येत नाही.

या डेम्लो संख्यांपैकी जी सर्वांत देखणी, तिच्याकडे वाचकांनी क्षणभर निरखून पाहावे, अशी विनंती आहे. ती संख्या अशी:

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंकांची ही संख्या एकापासून पायरीपायरीने नवापर्यंत चढते आणि तशीच पायरीपायरीने उतरते. उजवीकडून वाचा वा डावीकडून, ती तीच राहते. भास्कराचार्यांनी लीलावतीत एकं, दहं, शतं पासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्या मोजणीने हिचा पहिला एक सतराव्या, म्हणजे मध्य या स्थानी बसतो. परार्धाला एकच पायरी उरते. एवढी मोठी संख्या पाहून प्रथम छाती दडपते. पण हिचे मूळ पाहिले, तर ते बालवर्गातल्या मुलालाही लिहिता येईल इतके साधे आहे. नऊ वेळा एक लिहा, १११११११११, आणि या संख्येला तिनेच गुणा. उत्तर हेच येते.

असे का व्हावे, हे समजण्यास पदवी लागत नाही. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असून सरकारी तक्त्यांपलीकडे त्याचा गणिताशी संबंध उरलेला नाही. तरीही पाटीवर मांडताच त्याला ते उमगले. शाळेत शिकविलेल्या पद्धतीने गुणाकार मांडावा. एकाने गुणले की तीच नऊ एकांची ओळ पुन्हा येते; मात्र प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकते. अशा नऊ ओळी एकाखाली एक लिहिल्या, की उजव्या टोकाच्या घरात एकच एक असतो, त्याच्या शेजारच्या घरात दोन, मग तीन, असे करीत मधल्या घरात नऊ एक जमतात आणि तेथून पुन्हा एकेक कमी होत जातो. बेरीज करताना कोठेही हातचा घ्यावा लागत नाही. म्हणून चढण आणि उतरण अभंग राहते. मांडणीत एकंदर नऊ गुणिले नऊ, म्हणजे ८१ एक लिहिले गेले. हातचा नसल्यामुळे त्यांतला एकही हरवला नाही. म्हणून या सतरा अंकांची बेरीजही नेमकी ८१ भरते.

आता तिचे दुसरे गुण पाहू. मधला नऊ बाजूला ठेवला, तर डावीकडे १२३४५६७८ उरतात आणि उजवीकडे ८७६५४३२१. या दोहोंची बेरीज करा. ९९९९९९९९ येते, म्हणजे मधल्याच अंकाची आठ प्रतिबिंबे. दोन्ही टोके मिळविली असता मधला अंक उमटावा, हीच डेम्लो संख्येची खूण होय. १६५ ही लहानशी डेम्लो संख्या घ्या: एक आणि पाच मिळून सहा. ४७७७३ घ्या: चार आणि तीन मिळून सात. आपली सतरा अंकी संख्या ही याच कुळातील थोरली.

शिवाय ती आपल्या अंकांच्या बेरजेने, म्हणजे ८१ ने, नि:शेष भागली जाते. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो आणि तो १२३४५६७९ या संख्येचा वर्ग आहे. या शेवटच्या संख्येत आठ तेवढा गाळला गेला आहे, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आले असेल. जी संख्या आपल्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भागली जाते, तिला पुढे कापरेकरांनी हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असे गोड संस्कृत नाव दिले. आणखी खोल जाऊन अवयव पाडले, तर नऊ एकांची संख्या ३ गुणिले ३ गुणिले ३७ गुणिले ३३३६६७ अशी फुटते आणि आपल्या संख्येत यांतील प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो.

परंतु या डोंगराला शिखर एकच. नऊऐवजी दहा एक घेतले, की मधल्या घरात दहा जमतात, हातचा घ्यावा लागतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असे उत्तर येते. सुरेख चढण मोडून मधे दोन शून्ये येऊन बसतात. ही मोड नीट ध्यानात ठेवावी. कापरेकरांवर पुढे जो आक्षेप घेतला गेला, त्याचे बीज येथे आहे.

महाविद्यालयातच त्यांच्या बुद्धीची चमक दिसली. १९२७ साली स्वतंत्र गणिती लेखनासाठीचे रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना मिळाले. १९२९ मध्ये ते बी. एस्सी. झाले. त्यानंतरची कोणतीही पदवी त्यांच्याजवळ नव्हती आणि संशोधकाच्या जगात पदवीवाचून प्रवेश दुर्लभ. १९३० मध्ये त्यांनी नाशिकजवळच्या देवळाली या लष्करी छावणीच्या गावी शाळामास्तरकी पत्करली आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तेथेच राहिले. दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळात संख्या, असा तो बत्तीस वर्षांचा क्रम होता. मुंबईच्या प्राध्यापक गुंजीकरांसमवेत डेम्लो संख्यांवरील त्यांचा निबंध १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला. आसपासच्या महाविद्यालयांत त्यांची व्याख्याने होत आणि गणितानंद या नावाने ते ओळखले जाऊ लागले. हे नाव त्यांना किती शोभत होते! गणिताने त्यांना धन दिले नाही, पद दिले नाही. आनंद मात्र भरभरून दिला.

ज्या शोधाने त्यांचे नाव अजरामर झाले, तो १९४६ च्या सुमाराचा. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. मात्र चारही अंक एकच नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने लिहून मोठीतून लहान वजा करावी. येणाऱ्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी. कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊ. ९५१० मधून ०१५९ गेले, ९३५१ राहिले. पुढे याच रीतीने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वेळी ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा करा, पुन्हा ६१७४च. एकदा तेथे पोहोचलेली संख्या तेथून हलत नाही. कोठूनही निघा, फार तर सात पावलांत सर्व वाटा ६१७४ शी येऊन मिळतात. कापरेकरांचे जन्मवर्ष सर्वांत लांबच्या वाटेने, सातव्या पावलाला तेथे पोहोचते, हाही एक योगायोगच. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ही गोष्ट मांडली आणि १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात त्यावर त्यांचा लेख आला. आज ही संख्या कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते. तीन अंकी संख्यांना असाच विसावा ४९५ पाशी मिळतो.

त्यांच्या इतर शोधांची नुसती नावे घेतली, तरी त्यांच्या मनाची ठेवण दिसते. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळविली, की नवी संख्या जन्मते. २३ मध्ये पाच मिळवून २८ होतात. पण २० ही संख्या अशा रीतीने कोणापासूनच जन्मत नाही. अशा अनाथ संख्यांना त्यांनी अनाथ म्हटले नाही, स्वयंभू म्हटले. आठव्या वर्षी आई गमावलेल्या माणसाने हे नाव निवडावे, याचे मनाला काहीतरी वाटून जाते. तसेच ४५ चा वर्ग २०२५. २० आणि २५ मिळून पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून पुन्हा २९७. फुटून वेगळे झालेले तुकडे पुन्हा एकत्र येऊन मूळ रूप धारण करतात, अशा या संख्या आज कापरेकर संख्या म्हणून जगभर प्रसिद्ध आहेत.

मात्र हे कौतुक बहुतांशी नंतरचे. त्यांच्या उमेदीच्या काळात आपल्याच देशातील अनेक गणितज्ञांनी त्यांना हसण्यावारी नेले. हे खेळ आहेत, गणित नव्हे, असा त्यांचा अभिप्राय असे. प्रतिष्ठित नियतकालिकांची दारे क्वचितच उघडत. मग कापरेकर लहान लहान पुस्तिका स्वतःच छापून प्रसिद्ध करीत आणि प्रकाशक म्हणून स्वतःचे नाव व देवळालीचा पत्ता घालीत. डेम्लो संख्यांवरील १९४८ ची आणि स्वयंभू संख्यांवरील १९५९ व १९६३ च्या पुस्तिका अशाच बाहेर पडल्या.

हसणाऱ्यांची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. रामानुजनांना जगापुढे आणणारे केंब्रिजचे हार्डी यांनी १९४० च्या आपल्या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ या दोन संख्यांचा दाखला दिला आहे. चार अंकी संख्यांत या दोनच अशा, की त्या आपल्या उलट्या रूपाच्या पटीत असतात: ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट आणि ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट. कोड्यांच्या सदरात शोभेल, पण गणितज्ञाला यातून हाती काही लागत नाही, असे हार्डींचे मत होते. आपण दहाच्या पटीत मोजतो, म्हणून हे चमत्कार दिसतात. बारांच्या पटीत मोजणाऱ्यांना दुसरेच चमत्कार दिसतील. आपल्या सतरा अंकी संख्येचे अवयव कोणत्याही मोजणीत तेच राहतात, पण तिची चढण-उतरण ही दशमान लेखनाची देणगी आहे. दहावा एक येताच ती मोडते, ते याचसाठी. हा आक्षेप खोटा नाही आणि कापरेकरांवरील प्रेमापोटी तो झाकण्याचे कारणही नाही.

तथापि एवढ्यावर निकाल देणे घाईचे ठरेल. ज्यांना खेळ म्हटले गेले, त्यांच्यापाशी पुढे व्यावसायिक गणितज्ञ येऊन थांबलेच. स्वयंभू संख्या किती विरळ वा दाट पसरल्या आहेत, यावर परदेशात निबंध लिहिले गेले. हर्षद संख्या सलग जास्तीत जास्त किती येऊ शकतील, या प्रश्नाला कूपर आणि केनेडी या अमेरिकन गणितज्ञांनी १९९३ मध्ये उत्तर दिले: वीस, त्याहून अधिक नाही. प्रश्न खेळातून निघाला. पण त्याचे उत्तर सिद्ध करण्यास खेळ पुरला नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी, की गणिताच्या मंदिरात शिरणारे मूल महाद्वाराने क्वचितच येते. एखाद्या संख्येचे नवल वाटून, असे का होते, हा प्रश्न ज्या क्षणी त्याच्या तोंडून निघतो, त्या क्षणी ते आत आलेले असते. कापरेकर जन्मभर त्या लहान दाराशी उभे राहिले. शाळामास्तराची जागा तीच होती.

त्यांचा उत्तरकाळ सुखाचा गेला नाही. १९६६ मध्ये पत्नी निवर्तली. निवृत्तिवेतन संसाराला पुरत नसे. म्हणून उतारवयात त्यांना गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या. सत्तरी गाठल्यावर दूरदेशाहून दाद आली. अमेरिकेच्या सायंटिफिक अमेरिकन या मासिकात मार्टिन गार्डनर गणिती करमणुकीचे जे विख्यात सदर लिहीत, त्यात मार्च १९७५ मध्ये त्यांनी कापरेकरांचा आणि त्यांच्या संख्यांचा परिचय करून दिला. देवळालीच्या पुस्तिकांतील आकडे जगभरच्या वाचकांच्या कागदावर उतरले. ज्यांची नावे आपल्या विद्यापीठांत आदराने घेतली जात, त्यांपैकी अनेकांपेक्षा या पदवीधर मास्तरांचे नाव अधिक दूर पोहोचले. १९८६ मध्ये कापरेकरांचे निधन झाले. त्या वर्षाच्या आकड्यांवर त्यांचीच क्रिया केली, तर सहा पावलांत ६१७४ येते.

या आयुष्याचा जमाखर्च कसा मांडावा? पैसा, पद, मानमरातब या रकान्यांत लिहिण्यासारखे थोडेच आहे. उलट बाजूला आहे तो साठ वर्षांचा अखंड आनंद आणि नामावळीत कायमचे राहिलेले एक नाव. सरकारी कचेरीत वा कारखान्यात आयुष्य घालविलेल्या आपल्यासारख्या माणसांना दुपारच्या डब्यानंतर कधीतरी प्रश्न पडतो, की आपण मन लावून केलेले, पण कोणी न विचारलेले काम वाया गेले काय? कापरेकरांचे चरित्र त्याला खोटा दिलासा देत नाही. दाद येईलच, असे ते सांगत नाही. त्यांना ती आली तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते आणि ती आली नसती, तरी ते आकडे मांडतच राहिले असते. काम आवडीचे असेल, तर दाद हा वरचा हातचा समजावा. मिळाला तर घ्यावा. पण मांडणी त्याच्यावाचूनही पुरी होते.

गावापासून दूर राहणाऱ्या आपणांस मुलांच्या हाती मराठीचा ठेवा कसा द्यावा, ही चिंता नेहमीच असते. सण, पक्वान्ने, नाट्यगीते आपण देतोच. त्यांच्या जोडीला एखाद्या रविवारी मुलांना कागद-पेन्सिल घेऊन बसवावे आणि आपल्या घराचा क्रमांक, मेन आणि क्रॉस मिळून जे चार आकडे होतील, ते ६१७४ पर्यंत न्यावयास सांगावे. मग नऊ ओळींचा तो गुणाकार मांडून एकापासून नवापर्यंत आणि नवापासून एकापर्यंतचा डोंगर त्यांच्याच हातांनी उभा करवावा. ते करताना मुलांनी आपल्या शाळेच्या भाषेत आकडे मोजले, तरी हरकत नाही. डोंगर तोच उभा राहील. तो एका मराठी मास्तरांनी डोंबिवलीच्या स्थानकावर पाहिला होता, एवढे त्यांना आवर्जून सांगावे.

आणि शेवटी मंडळापुरते. आज आपण पन्नाशी साजरी करीत आहोत. पाच आणि शून्य मिळून पाच. पाचाने पन्नासाला नि:शेष भाग जातो. कापरेकरांच्या हिशेबाने पन्नास ही हर्षद संख्या आहे. त्यांनी नाव ठेवलेल्या त्या हर्षाने मंडळाचे हे वर्ष भरून जावो.